उडी मारण्याआधी लिहिलेला कागद

गेल्या हिवाळ्यात मी दुबईला विमानातून उडी मारली. एकटीने नव्हे, एका प्रशिक्षक बाईंशी पट्ट्यांनी बांधून घेऊन. याला टँडम उडी म्हणतात. मी परत यायच्या आधीच ही बातमी बेलवलीत पोचली होती. तेव्हापासून दर्सच्या बैठकीत, लग्नाच्या दावतीत, अगदी बदलापूर स्टेशनवर गाडीची वाट पाहतानाही भगिनी थांबवून विचारतात. भीती वाटली नाही का? पडदा कसा सांभाळला? आणि आपल्या दीनमध्ये हे चालतं का? प्रत्येकीला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं, म्हणून हा लेख.

माझं वय 58. तेहतीस वर्षं मराठी शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झाले. दर किलोमीटर उंचीला हवेचं तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, हे वाक्य मी किती वर्गांपुढे म्हटलं असेल, त्याचा हिशेब नाही. माझी स्वतःची उंची मात्र माथेरानच्या पलीकडे गेली नव्हती. तीन वर्षांपूर्वी शौहरांचा इंतकाल झाला. लेक दुबईला हिशेबनीस आहे. तिने तिकीट पाठवलं आणि फोनवर म्हणाली, "अम्मी, तू वर्गात जे शिकवलंस ते एकदा अंगाला लागू दे. आपण दोघी आकाशातून उडी मारू."

मी हसले आणि फोन ठेवला. पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी घरात बोलले, आणि मग तीन बाजूंनी तीन प्रश्न आले.

कल्याणचे भाईजान म्हणाले, "जीव ही अल्लाहची अमानत आहे. स्वतःच्या हाताने स्वतःला हलाकतीत टाकू नका, असं कुरआनने बजावलंय. मग हे काय?"

धाकटी जाऊ म्हणाली, "आपा, एवढ्या पैशात तर इथे काय काय होईल!"

सासूबाई ऐंशीला आल्या आहेत. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ज्याच्या अंगाला तुला बांधणार, तो कोण? परका पुरुषच ना?"

तिन्ही प्रश्न खरे होते. थट्टेवारी नेण्यासारखा एकही नव्हता. त्यांची उत्तरं मिळेपर्यंत लेकीला होकार द्यायचा नाही, असं मी ठरवलं.

पैशाचं आधी सांगते, कारण ते सोपं होतं. या उडीला दोन हजार दिरहॅमच्या वर लागतात, म्हणजे आपल्याकडचे पन्नास हजार रुपयांच्या घरात. मी लेकीला म्हटलं, "शिक्षणाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता जाऊ दे. डोक्यावर कर्ज असताना असली हौस करायची नाही." सप्टेंबरात तिचं कर्ज फिटलं, बँकेचा कागद तिने मला मोबाइलवर पाठवला. ज्याचं देणं फिटलंय, जकात दिलीय, त्याने वर्षानुवर्षांच्या कमाईतून आईला एकदा काही द्यावं, याला मी इसराफ म्हणत नाही. जाऊ आजही म्हणते. तिचा तो हक्क आहे.

भाईजानांच्या प्रश्नाला जास्त दिवस लागले. धोका आहे की नाही, हा प्रश्न नव्हता. धोका आहेच. पण सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या पोराला आपण हलाकतीत उडी घेणारा म्हणत नाही, कारण रोज बघून डोळ्यांना सवय झाली आहे. म्हणून मी सवयीचं न ऐकता हे यंत्र चालतं कसं ते समजून घ्यायला बसले.

माणसाला आकाशाची ओढ जुनीच. नवव्या शतकात अंदलुसच्या कुर्तुबा शहरात, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कोर्दोबात, अब्बास इब्न फिरनास नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांनी पंख बांधून उंचावरून झेप घेतली, काही अंतर हवेत तरंगले आणि उतरताना पाठीला मार बसला, असं इतिहासकार अल-मक्करी यांनी लिहून ठेवलं आहे. पक्षी शेपटीच्या जोरावर उतरतो आणि यांनी शेपूट लावली नव्हती, हे कारणही तिथेच दिलं आहे. आज चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. पुढे 1797 मध्ये आंद्रे-जाक गार्नरँ या फ्रेंच माणसाने पॅरिसवर बलूनमधून कापडी छत्रीने उतरून दाखवलं. आणि 1980 च्या दशकात बिल बूथ आणि टेड स्ट्राँग या अमेरिकनांनी दोघांना एकत्र पेलणारी छत्री तयार केली. त्याआधी पहिल्यांदा उडी मारणाऱ्याला एकट्यानेच मारावी लागे. टँडममुळे नवख्या माणसाच्या पाठीशी, अगदी शब्दशः, एक जाणकार आला.

यंत्रणा अशी असते. प्रवाशाच्या अंगावर खांद्यांपासून मांड्यांपर्यंत पट्ट्यांचा साज चढवतात. प्रशिक्षक मागे असतो. दोन खांद्यांपाशी आणि दोन कमरेपाशी अशा चार जागी दोघांना जोडतात. प्रशिक्षकाच्या पाठीवरच्या पिशवीत एक नव्हे, दोन छत्र्या असतात. मुख्य छत्री दगा देईल तेव्हा राखीव. शिवाय हवेचा दाब मोजणारं एक छोटं यंत्र असतं. ठरावीक उंचीच्या खाली आल्यावरही पडण्याचा वेग कमी झालेला नसेल, तर ते आपणहून राखीव छत्री उघडतं. म्हणजे प्रशिक्षक बेशुद्ध झाला तरी सोय आहे. दोन माणसांचं वजन एकत्र असल्याने वेग फार वाढतो, म्हणून उडीनंतर लगेच मागे एक लहानशी छत्री सोडतात. ती लगाम खेचल्यासारखा वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास धरून ठेवते. अमेरिकेतल्या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे साधारण पाच लाख टँडम उड्यांमागे एक मृत्यू होतो. त्याच संघटनेच्या नियमाने टँडम प्रशिक्षक व्हायला आधी निदान 500 उड्या झालेल्या असाव्या लागतात.

हे सगळं मी भाईजानांना वहीत लिहून दाखवलं. तवक्कल करायचं ते उंट बांधून, ही रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची शिकवण आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मी म्हटलं, "भाईजान, इथे उंट चार जागी बांधलाय आणि वर राखीव दोर आहे." ते हसले नाहीत. म्हणाले, "डॉक्टरला दाखव." बदलापुरातल्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर पाहिलं, हृदयाचा आलेख काढला आणि हरकत नाही म्हणाले. भाईजानांनी तरी शेवटपर्यंत 'जा' असं म्हटलं नाही. "दुआ करतो," एवढंच म्हणाले.

उरला सासूबाईंचा प्रश्न. मला तोच सगळ्यांत मोठा वाटला. चार पट्ट्यांनी पाठीला पोट लावून बांधलेलं असताना पडद्याची बात कुठे उरते? उपचाराला डॉक्टर पुरुष चालतो, कारण तिथे गरज आहे. इथे गरज काही नव्हती, हौस होती. लेकीने महिनाभर आधी त्या केंद्राला पत्र लिहून स्त्री प्रशिक्षक मागितली. उत्तर आलं की स्त्री प्रशिक्षक आहेत, पण थोड्या आहेत. त्या दिवशी कोण कामावर असेल याची हमी देता येत नाही, मात्र मागणीची नोंद केली आहे. मी लेकीला सांगितलं, "बाई नसेल तर आपण समुद्र बघून घरी येऊ. मला वाईट वाटणार नाही." तिला वाटलं असतं. पण तिने मान्य केलं.

कपड्यांचाही विचार करावा लागला. आकाशात सुटणारं, फडफडणारं काही चालत नाही. इथे मला पुण्याच्या शीतल महाजन आठवल्या. 2004 साली उत्तर ध्रुवावर त्यांनी आयुष्यातली पहिली उडी मारली, 2011 ला त्यांना पद्मश्री मिळाली, आणि 2018 मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. ती बातमी मी तेव्हा वर्गात वाचून दाखवली होती. नऊवारी सांभाळून उडी मारता येत असेल, तर माझं अंग झाकलेलं ठेवणंही जमायला हवं होतं. खेळाडू मुली वापरतात तसा डोक्याला घट्ट बसणारा हिजाब लेकीने आणला. टाचणी नाही, पदर नाही, टोकं आत खोचलेली. पूर्ण बाह्यांचा सैल कुर्ता, जाड पायजमा आणि बंद बूट.

ठरलेल्या दिवशी आम्ही पाम जुमेराच्या शेजारच्या मैदानावर पोचलो. तासभर थांबलो आणि वारा वाढला म्हणून उड्याच थांबवल्या. छत्रीला वारा जास्त झाला की उतरणं अवघड होतं. तीन दिवसांनंतरची वेळ मिळाली. त्या दिवशी हाती एवढंच पडलं, भरायचे कागद.

ते कागद मी घरी नेऊन वाचले. शिक्षिकेची सवय, सही करायच्या आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. या खेळात दुखापत किंवा मृत्यू होऊ शकतो हे मला समजलं आहे, तसं काही झालं तर मी किंवा माझे वारस दावा लावणार नाही, अशा अर्थाची कलमं होती. 'वारस' या शब्दापाशी मी थांबले.

शौहरांच्या इंतकालनंतर तिसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले एक व्यापारी घरी आले होते. त्यांनी दुआ केली, चहा घेतला आणि जाताना दिराला बाजूला घेऊन सांगितलं की मरहूमांकडून अठरा हजार रुपये येणं आहे. कागद नव्हता. आमच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं. मय्यतीच्या मानेवर कर्ज राहू नये म्हणून दिराने आणि मी मिळून पैसे दिले. पण घरात एक किंतु राहिला. माणूस खरं बोलत होता की संधी साधत होता? आठ महिन्यांनी जुन्या डायरीत शौहरांच्या अक्षरात ती नोंद सापडली. रक्कम अठरा हजारच होती. एका भल्या माणसाबद्दल आठ महिने आमच्या मनात शंका राहिली, कारण नोंद कुठे आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री ईशानंतर लेकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी वही उघडली आणि लिहायला बसले. शाळेच्या बारा जणींच्या भिशीत माझी पाळी लागून गेली आहे, चार हप्ते देणं बाकी आहे. माझ्या आईच्या दोन बांगड्या जावेच्या कपाटात आहेत, त्या माझ्या आहेत, तिच्या नाहीत. पण तिच्याच तिजोरीतली लहान डबी माझ्याकडे आहे, ती तिची. सहा रोजे कजा राहिले आहेत. या वर्षीच्या जकातीतला अर्धा भाग पोचला, अर्धा रमजानला द्यायचा आहे. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचे एकशेवीस रुपये. बँकेचं पुस्तक, निवृत्तिवेतनाचे कागद, घराचा उतारा, सगळं पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी माळ्यावर. उल्हास नदी चढली की आमच्याकडे सगळ्यांत आधी तीच पेटी वर जाते. 2005 ला गेली, 2019 च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली तेव्हाही गेली.

लेक पाणी प्यायला उठली. मी काय लिहिते ते पाहून तिचे डोळे भरले. "अम्मी, असं असेल तर नको जाऊ या," ती म्हणाली. मी तिला जवळ बसवून म्हटलं, "मरणाच्या भीतीने लिहीत नाहीये गं. ज्याच्याकडे वसीयत करण्यासारखं काही आहे, त्याने ते लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, ही आपल्याला शिकवण आहे. त्यात विमानाचा उल्लेख नाही." मग तीही माझ्या शेजारी बसून स्वतःचा कागद लिहू लागली. तिचं वय 29. तिच्याकडेही अर्धं पान भरेल एवढं निघालं.

तीन दिवसांनी वारा शांत होता. काउंटरवरच्या मुलाने यादी पाहिली आणि सांगितलं की दोन प्रशिक्षक बायका आज कामावर आहेत. माझ्या वाट्याला आलेल्या बाई माझ्या लेकीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी पट्टे ओढले, पुन्हा ओढले, हात कुठे ठेवायचे, पाठ कमानीसारखी कशी वाकवायची, उतरताना पाय कसे उचलायचे ते मला करून दाखवायला लावलं. चांगल्या शिक्षकासारखं, मी बरोबर करेपर्यंत. आम्ही जुहर पढून गेलो होतो.

लहान विमान पंधरा-वीस मिनिटं चढत राहिलं. आम्हाला तेरा हजार फुटांवर, म्हणजे सुमारे चार किलोमीटर जायचं होतं. माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटर, म्हणजे एकावर एक पाच माथेरान रचावे तेवढी उंची. दार उघडलं आणि थंडी आत घुसली. खाली पंचविशीचं ऊन होतं, इथे हिशेबाने शून्याच्या आसपास. तेहतीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं गणित गालाला लागलं. आधी लेक गेली. दारात ती होती, आणि पुढच्या क्षणी नव्हती. तो क्षण सांगता येणार नाही. माझ्या स्वतःच्या उडीत मला तेवढी भीती वाटली नाही.

मी कलमा म्हटला. पाय बाहेर लोंबत होते. मागून बाईंनी कपाळ मागे टेकवलं आणि आम्ही सुटलो.

पाळण्यात बसल्यावर पोटात गोळा येतो तसा आला नाही. पडतोय असंच वाटलं नाही. हवा खालून इतक्या जोराने उचलते की एखाद्या गर्जणाऱ्या गादीवर पालथं झोपल्यासारखं होतं. ओठ कोरडे पडले, दुआ मनातच म्हणावी लागली. खांद्यावर थाप पडली तसे हात पसरले. खाली समुद्रात खजुराच्या झाडाचा आकार पडून होता, माणसांनी वाळू टाकून केलेला. मिनिटभर असं चाललं. मग वर खेचल्यासारखा झटका बसला, छत्री उघडली, आणि सगळा आवाज एकदम बंद झाला. उंची विचारली तर पाच हजार फूट. म्हणजे जवळपास आपली कळसूबाई. महाराष्ट्रातल्या सगळ्यांत उंच शिखराएवढ्या उंचीवर मी कशावरही उभी नव्हते.

त्या शांततेत मला सूरह मुल्क आठवली. पंख पसरणाऱ्या आणि मिटणाऱ्या पाखरांना वर कोण धरून ठेवतं, याकडे तिथे माणसाचं लक्ष वेधलं आहे. ती मी शेकडो वेळा पढले होते. त्या पाच मिनिटांत पहिल्यांदा पाखराच्या जागेवरून पढले. मला कापड धरून होतं, कापडाला दोऱ्या, दोऱ्यांना कुणा कारागिराची शिवण, आणि त्या सगळ्याला हवा. हवेला कोण, ते मला ठाऊक होतं.

उतरताना पाय उचलले आणि हिरवळीवर बसल्याबसल्या घसरत थांबलो. लेक धावत आली. आम्ही काहीच बोललो नाही, नुसत्या एकमेकींना धरून उभ्या राहिलो. परत येताना असर चुकली नाही.

चालतं का, या प्रश्नाचं उत्तर देणारी मी आलिमा नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या उलेमांना विचारावं. मी काय काय पाहिलं तेवढं सांगितलं: देणं फिटलेलं, बांधणारी बाई, झाकलेलं अंग, तपासलेलं शरीर, पाळलेली नमाज. यातलं एक जरी नसतं तरी मी खालीच थांबले असते.

पण भगिनींनो, उडीपेक्षा त्या कागदाबद्दल मला जास्त सांगायचं आहे. बेलवलीला परतल्यावर तो मी नीट उतरवून काढला आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. आपल्या शरियतमध्ये मय्यतीच्या मालातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि त्यानंतर वारसांची वाटणी असा क्रम आहे. वसीयत उरलेल्या मालाच्या एक तृतीयांशाच्या आतच करता येते, आणि ज्यांचा वारसा हक्क ठरलेलाच आहे त्यांच्या नावे बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय होत नाही. हे नियम बहुतेकांना माहीत असतात. घरात नसतो तो कर्जाचा आणि अमानतीचा कागद. आपल्या बायकांकडे तर तो नसतोच, कारण आपलं देणंघेणं डब्यात, पदराच्या गाठीत आणि आठवणीत असतं. त्याला खर्च नाही, वकील नाही. एक वही आणि एक शांत संध्याकाळ पुरते.

सासूबाईंना मी मोबाइलवर उडीची फिल्म दाखवायला बसले. त्यांनी अर्ध्यातच मान वळवली, त्यांना चक्कर येऊ लागली. प्रशिक्षक बाई होती एवढी खात्री त्यांनी करून घेतली. मग म्हणाल्या, "ते कागदाचं काय म्हणत होतीस? वाच बघू." मी वाचला. गिरणीच्या एकशेवीस रुपयांपाशी त्या हसल्या. थोड्या वेळाने चष्मा पुसत म्हणाल्या, "वही आण. माझं लिही."

पहिली नोंद त्यांनी अशी सांगितली: शेजारच्या काकूंचं तांब्याचं पातेलं, मोठ्या लेकाच्या अकीक्याला मागून आणलेलं, अजून आपल्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी मी ते चिंचेने घासून पोचवून आले.